आपत्कालीन परवानगीची लस: कागदावर काय असतं आणि विश्वास कुठे गळतो

३ जानेवारी २०२१, रविवार. देशाचे तेव्हाचे औषध महानियंत्रक डॉ. व्ही. जी. सोमाणी यांनी त्या सकाळी एक निवेदन वाचून दाखवलं आणि दुपारपर्यंत सगळ्या वाहिन्यांवर एकच पट्टी फिरू लागली: कोविडच्या दोन लशींना मंजुरी. निवेदनात मात्र परवानग्या दोन वेगळ्या प्रकारच्या होत्या आणि त्यांच्या पाठीशी असलेला पुरावाही सारखा नव्हता.

कोविशील्डसाठी परदेशातल्या २३,७४५ सहभागींची माहिती होती. तिच्यावरून ७०.४२ टक्के परिणामकारकता काढलेली होती आणि जोडीला भारतातल्या १,६०० जणांवरची चाचणी होती. कोवॅक्सिनसाठी पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातले सुमारे ८०० जण होते. तिसरा टप्पा २५,८०० जणांचा ठरला होता, त्यातल्या २२,५०० जणांना टोचून झालं होतं, पण लस रोग किती टाळते याचा आकडा अजून आलेला नव्हता. म्हणून तिच्या परवानगीत एक जादा अट होती: ‘क्लिनिकल ट्रायल मोड’, म्हणजे चाचणीत असल्यासारखाच वापर. विषाणूचं रूप बदलतंय, तेव्हा हाताशी एक पर्याय असावा, असं कारण दिलं गेलं.

हे सगळं निवेदनात लिहिलेलं होतं, काहीच लपवलेलं नव्हतं. तरीही प्रश्नोत्तरांत ‘एकशे दहा टक्के सुरक्षित’ अशी ग्वाही दिली गेली, आणि लोकांच्या लक्षात निवेदन राहिलं नाही, ती ग्वाही राहिली. लसीकरणात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, शंभर टक्के सुरक्षित अशी एकही लस नाही. गोवराची नाही, धनुर्वाताचीही नाही. असं बोललं की पहिला ताप येईपर्यंतच ते खपतं.

आधी कायद्याचं

‘इमर्जन्सी यूज ऑथरायझेशन’ हा शब्द अमेरिकेचा. तिथे तो २००४ च्या प्रोजेक्ट बायोशील्ड कायद्यातून आजच्या रूपात आला. आपल्याकडे १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्यांचे नियम आहेत. त्यांत या नावाची वेगळी परवानगी नाही, पण गंभीर आजारासाठी वेगाने मंजुरी देण्याची सोय आहे. तिच्याच आधारे ‘आपत्कालीन परिस्थितीत मर्यादित वापर’ असे शब्द वापरले गेले. वर्तमानपत्रांनी त्याला अमेरिकी नाव चिकटवलं आणि तेच रूढ झालं.

अशा परवानगीत घाई नक्की कुठे होते? कारखान्यातल्या गुणवत्तेत नाही. प्रत्येक बॅच कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेच्या हाताखालून जाते. भार वाढल्यावर २०२१ मध्येच पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थेलाही (एनसीसीएस) ते काम मिळालं. चाचणीचे टप्पे गाळलेही जात नाहीत, ते एकमेकांवर चढवले जातात: दुसऱ्याचे निकाल पूर्ण हाती येण्याआधी तिसरा सुरू होतो. खरी कपात होते ती वाट पाहण्याच्या काळात. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, २०२० मध्ये मागितलं होतं की डोस पूर्ण झाल्यावर निम्म्या तरी सहभागींवर किमान दोन महिने लक्ष ठेवलेलं असावं. लशीचे बहुतेक गंभीर दुष्परिणाम पहिल्या सहा ते आठ आठवड्यांतच दिसतात, हा त्यामागचा जुना अनुभव. परिणामकारकतेची किमान रेघ ५० टक्के होती, आणि आकड्यातली अनिश्चितता धरूनही तो ३० च्या खाली जाता कामा नये.

दुर्मीळ दुष्परिणाम मात्र वाट पाहूनही चाचणीत सापडत नाहीत, कारण तिथे माणसंच कमी पडतात. आम्ही ‘तीनचा नियम’ वापरतो. एखादी घटना चाचणीत एकदाही दिसली नाही, तर ३ ला माणसांच्या संख्येने भागायचं. ती घटना प्रत्यक्षात जास्तीत जास्त तितक्या प्रमाणात घडत असू शकते. कोवॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यात निम्म्यांना, म्हणजे सुमारे १२,९०० जणांना लस होती. तीन भागिले १२,९००, म्हणजे साधारण ४,३०० मध्ये एक. दहा हजारांत एकाला होणारा त्रास या चाचणीत एकदाही न दिसणं सहज शक्य आहे. दहा लाखांत चार-पाच जणांना होणारा त्रास तर कुठल्याच चाचणीला पकडता येत नाही.

म्हणजे परवानगीच्या दिवशी पुराव्याचा एक भाग मागाहून गोळा करायचा राहिलेला असतो. तो गोळा करणारी यंत्रणा चोख असेल तर आपत्कालीन परवानगीवर विसंबणं शहाणपणाचं आहे. ती ढिली असेल तर ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ म्हणण्याला आधार उरत नाही. लशीवरच्या वादात लोक प्रयोगशाळेबद्दल भांडत बसतात. माझ्या मते खरा प्रश्न प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नोंदवहीचा आहे.

टक्केवारी कुठून येते

कोवॅक्सिनचा पहिला आकडा ३ मार्च २०२१ ला आला: ८०.६ टक्के, बातम्यांत ८१. तोवर चाचणीत ४३ जणांना कोविड झाला होता. त्यात खोटी लस घेतलेले ३६ आणि खरी घेतलेले ७. सात भागिले ३६ म्हणजे ०.१९४, उरलेला ०.८०६ हीच परिणामकारकता. (‘शंभरातल्या ८१ जणांना कोविड होणार नाही’ असा अर्थ कित्येकांनी काढला. तो चूक आहे. लस नसताना जितक्यांना झाला असता, त्यांतल्या सुमारे ८१ टक्क्यांचा टळला, एवढंच.) शेवटच्या विश्लेषणात रुग्ण १३० होते, १०६ विरुद्ध २४, आणि किती काळ कुणावर लक्ष होतं याचा हिशेब धरून आकडा ७७.८ वर स्थिरावला. ४३ वरून १३० वर गेल्यावर आकडा थोडा हलणारच. तो नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने लशीला आपल्या आपत्कालीन यादीत घेतलं.

कोविशील्डचा ७०.४२ हा आकडा अधिक चमत्कारिक होता. दोन पूर्ण डोस घेतलेल्यांमध्ये परिणामकारकता ६२.१ टक्के निघाली होती. एका गटाला मोजमापातल्या तफावतीमुळे पहिला डोस अर्धाच गेला आणि त्यांच्यात ९०.० टक्के निघाली. दोन्ही गट एकत्र करून ७०.४. आपल्याकडे दोन पूर्ण डोस दिले जाणार होते, मग लोकांना ६२ सांगायला हवं होतं. ६२ हाही ५० च्या रेघेच्या वरचाच, त्यात लाजण्यासारखं काय होतं? पुढे ज्यांनी मूळ शोधनिबंध उघडला त्यांना सरासरीचा डाव दिसला आणि त्यांनी तो समाजमाध्यमांवर मांडला. असा माणूस लसविरोधी असतोच असं नाही. बऱ्याचदा तो फक्त नीट वाचणारा असतो, आणि तो हातातून गेला की त्याच्यासोबत त्याचं अख्खं कुटुंब जातं.

संमतीपत्र

१६ जानेवारीला मोहीम सुरू झाली. कोवॅक्सिनच्या केंद्रांवर, मुंबईत जे.जे. रुग्णालयात, लाभार्थ्याला माहितीपत्रक आणि सहीचा कागद दिला जाई. पहिल्या सात दिवसांतला ताप, दुखणं, लाली लिहायचा तक्ता, दुसऱ्या डोसानंतर तीन महिने पाठपुरावा, आणि गंभीर त्रास लशीमुळेच झाला असं सिद्ध झालं तर कंपनीकडून भरपाई, असं त्यात होतं. कोविशील्डला असा कागद नव्हता. आणि कोणती लस घ्यायची हे निवडायची सोय लाभार्थ्याला नव्हती. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी पत्र लिहून कोविशील्ड मागितली.

डॉक्टरच कचरतात, मग आम्ही का घ्यावी, हा प्रश्न गावोगाव गेला. त्यावर उत्तर द्यायला हवं होतं की डॉक्टर एका लशीच्या अपुऱ्या आकड्याबद्दल बोलत होते, लसीकरणाबद्दल नाही. ते नीट कुणी दिलं नाही. १ मार्चला पंतप्रधानांनी एम्समध्ये कोवॅक्सिन घेतली. त्याचा परिणाम झाला, पण छायाचित्राचा परिणाम छायाचित्राइतकाच टिकतो. १० मार्चला तज्ज्ञ समितीने ‘ट्रायल मोड’ची अट काढायची शिफारस केली, संमतीपत्र गेलं. अर्थात ज्या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गटच नाही, त्याला ट्रायल म्हणणंच मुळात अवघड होतं. बारकाईने पाठपुरावा करायचा होता तर ‘पाठपुराव्यासह वापर’ म्हणायचं. ‘ट्रायल’ ऐकलं की आपल्याकडे लोकांना ‘आमच्यावर प्रयोग’ एवढंच ऐकू येतं, आणि त्यांना दोष देता येत नाही.

टोचणीच्या खोलीत

सत्र कागदावर असं होतं: तीन खोल्या, वाट पाहण्याची, टोचण्याची आणि निरीक्षणाची. पाच माणसं: दारावर यादी तपासणारा, ओळखपत्र व को-विन पाहणारा, टोचणारी एएनएम (उपकेंद्रातली आरोग्यसेविका) किंवा परिचारिका, आणि गर्दी व निरीक्षण सांभाळणारे दोघे. दिवसाला शंभर लाभार्थी. डोस ०.५ मिली, दंडाच्या स्नायूत. नंतर अर्धा तास बसायचं.

पहिला गळका भाग बाटलीचा. एका बाटलीत दहा डोस, कोवॅक्सिनच्या सुरुवातीच्या बाटलीत वीस. उघडल्यावर तेव्हाच्या नियमाने चार तासांत संपवायची. वाया जाऊ नये म्हणून केंद्रावर ‘आठ-दहा जण जमू देत’ म्हणत थांबवलं जाई. पाड्यावरून मजुरी बुडवून आलेली बाई दोन तास बसून परत गेली की पुन्हा येत नाही. तिची गणना मग ‘लशीला घाबरणाऱ्यां’त होते! मोठ्या गावांत हा प्रश्न जाणवत नाही, नंदुरबार-गडचिरोलीत तो मोठा होता. उपाय साधा होता: आशाताईंनी आदल्या संध्याकाळी दहांची यादी करून वेळ ठरवून आणायचं, आणि सातच आले तरी बाटली उघडायची मुभा वैद्यकीय अधिकाऱ्याने तोंडी नाही, लेखी द्यायची. लेखी नसेल तर वाया गेलेल्या डोसांचा जाब एएनएमला द्यावा लागतो, म्हणून ती उघडत नाही.

दुसरा भाग थंडाव्याचा. दोन्ही लशी २ ते ८ अंशांत ठेवायच्या, आणि गोठता कामा नयेत. कोवॅक्सिनमध्ये अॅल्युमिनियमचं घटकद्रव्य आहे. ती गोठली की कण गोळा होतात आणि लस निकामी होते. त्यामुळे डीप फ्रीजरमधला आईसपॅक थेट व्हॅक्सिन कॅरियरमध्ये टाकायचा नाही. बाहेर ठेवून हलवायचा. आत पाणी खळखळलं की मगच भरायचा. नेहमीच्या लशींच्या बाटलीवर उष्णता लागली की रंग बदलणारी व्हीव्हीएमची खूण असते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी आधीच सांगून ठेवलं होतं की कोविड लशीवर ती नसू शकेल, त्यामुळे टोचणारीने अडून बसू नये. म्हणजे भिस्त सगळी आयएलआरच्या (लस ठेवायच्या खास शीतपेटीच्या) दिवसातून दोनदा लिहायच्या तापमान नोंदीवर. कुणी विचारलं ‘ताई, लस खराब नाही ना झाली’, तर ती वही उघडून दाखवणं हेच उत्तम उत्तर. पोस्टरपेक्षा वहीने जास्त काम होतं.

तिसरा भाग अर्ध्या तासाचा, आणि इथे जीव वाचतो. टोचल्यावर कोसळणारे बहुतेक लोक भीतीने चक्कर आलेले असतात. माणूस पांढरा पडतो, गार घाम सुटतो, नाडी मंद लागते. आडवं करून पाय उचलले की एक-दोन मिनिटांत सावरतो. अ‍ॅनाफिलॅक्सिस (जीवघेणी तीव्र अ‍ॅलर्जी) निराळी: साधारण पाच ते तीस मिनिटांत अंगावर पित्त उठतं, ओठ-डोळे सुजतात, आवाज घोगरा होतो, छातीत शिट्टी वाजते, उलटी होते, नाडी जलद आणि क्षीण लागते, आणि आडवं केल्याने बरं वाटत नाही. मग थांबायचं नाही. किटमध्ये अॅड्रेनालिनचे १ मिलीचे तीन अँप्युल असतात, १:१००० तीव्रतेचे. प्रौढाला ०.५ मिली, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला स्नायूत. ट्युबरक्युलिन सिरिंज नसेल आणि ४० युनिटची इन्सुलिन सिरिंज असेल तर २० युनिटच्या खुणेपर्यंत. तिला एक इंची वेगळी सुई लावायची, कारण इन्सुलिनची सुई स्नायूपर्यंत पोहोचत नाही. मग १०८ ला फोन आणि रुग्णाला डॉक्टरांकडे. इथे चूक होते ती बहुधा उशिराची: आधी अव्हिल किंवा हायड्रोकॉर्टिसोन देऊन बघू, अॅड्रेनालिन मग. ती दोन्ही औषधं श्वासमार्ग वाचवण्याइतक्या वेगाने काम करत नाहीत. दुसरी चूक, अर्धा तास बसवणं हे सोपस्कार समजून लोकांना दहाव्या मिनिटाला सोडणं.

घटनेनंतरचे शंभर दिवस

लसीकरणानंतर घडलेल्या कुठल्याही त्रासाला एईएफआय म्हणतात, लशीमुळे घडलेल्या नाही. हा फरक बातमीत कधीच येत नाही. मृत्यू, रुग्णालयात दाखल होणं, अपंगत्व, एकाच सत्रातल्या अनेकांना त्रास, हे सगळं ‘गंभीर’. वैद्यकीय अधिकाऱ्याने २४ तासांत जिल्ह्याला कळवायचं. महाराष्ट्रात हे काम जिल्हा माता व बाल संगोपन अधिकाऱ्यांकडे असतं. ४८ तासांत पहिला फॉर्म राज्य आणि केंद्राकडे, दहा दिवसांत प्राथमिक तपास, सत्तर दिवसांत अंतिम तपास शवविच्छेदन अहवाल व केसपेपरांसह, आणि शंभर दिवसांत कारणमीमांसा. घरच्यांनी शवविच्छेदन नाकारलं तर ठरावीक प्रश्नावलीने त्यांची विचारपूस करून अंदाज बांधायचा. हे अगदीच दुय्यम, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

कारणमीमांसेत घटना लशीशी सुसंगत, अनिश्चित, योगायोगाची किंवा माहितीअभावी ठरवता न येणारी अशी विभागतात. ‘सुसंगत’चेही पोटभाग आहेत: लशीच्या घटकामुळे, बॅचच्या दोषामुळे, टोचणाऱ्याच्या चुकीमुळे किंवा भीतीमुळे. टोचणाऱ्याची चूक म्हणजे काय याचं उदाहरण त्याच दिवसांतलं आहे, जरी लस निराळी: ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं बरी झाली. पण त्या पट्ट्यात कोविड लशीबद्दल बोलायला गेलेल्या कार्यकर्त्याला आधी सॅनिटायझरचं उत्तर द्यावं लागलं असणार.

राष्ट्रीय एईएफआय समितीने ३१ गंभीर प्रकरणांची मीमांसा करून जून २०२१ मध्ये जाहीर केलं: १८ योगायोगाची, ७ अनिश्चित, ३ लशीच्या घटकाशी संबंधित, १ भीतीशी, २ ठरवता न येणारी. तिघांपैकी दोघे अ‍ॅनाफिलॅक्सिसमधून बरे झाले. ८ मार्चला लस घेतलेले ६८ वर्षांचे गृहस्थ मात्र दगावले. देशात लशीमुळे झाल्याचं अधिकृतपणे मानलेला हा पहिला मृत्यू. घटनेपासून जाहीर व्हायला तीन महिने लागले. नियमाच्या शंभर दिवसांत ते बसतंही. फक्त गावात मृत्यूची बातमी तासाभरात पोहोचते आणि उरलेले नव्व्याण्णव दिवस अफवेच्या ताब्यात असतात. तपास घाईने उरकावा असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवशी ‘मृत्यूची नोंद झाली आहे, शवविच्छेदन अमुक ठिकाणी होतंय, निकाल अमुक तारखेपर्यंत कळवू’ एवढं तालुका आरोग्य अधिकाऱ्याने गावात जाऊन सांगायला काय हरकत आहे? ‘लशीचा संबंध नाही’ असं पहिल्याच दिवशी जाहीर करण्याची जी सवय आहे ती सगळ्यात घातक. तपासाआधी ते तुम्हाला कळलं कसं, हा प्रश्न शेवटच्या बाकावरचा माणूसही विचारतो.

रक्ताच्या गुठळ्यांचंही असंच. १७ मे २०२१ ला आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की ४९८ गंभीर प्रकरणांच्या सखोल तपासणीत २६ मध्ये कोविशील्डनंतर गुठळ्यांची शक्यता दिसली, प्रमाण दर दहा लाख डोसांमागे ०.६१, ब्रिटनमध्ये ४, जर्मनीत १०. कोवॅक्सिननंतर एकही नाही. भारतीयांमध्ये हे प्रमाण मुळातच कमी असू शकतं. पण तालुक्यात डोकं दुखून मेलेल्या माणसाचं एमआरआय होत नाही आणि लशीचा संबंध कुणी विचारत नाही, हेही त्या ०.६१ मध्ये मिसळलेलं असतं. लक्षणांची यादी तेव्हाच दिली होती: वीस दिवसांच्या आत थांबत नसलेली तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणं, धाप, छातीत दुखणं, पाय सुजणं, सुई टोचली तिथून दूर अंगावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके, न थांबणारी पोटदुखी. ती यादी प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर ठळक लागायला हवी होती. ती न लावण्याचं कारण ‘लोक घाबरतील’ असं दिलं जाई.

किंमत २०२४ मध्ये मोजली गेली. कोविशील्डची मूळ लस बनवणाऱ्या अॅस्ट्राझेनेकाने लंडनच्या न्यायालयात, अत्यंत दुर्मीळ प्रसंगी या लशीने गुठळ्यांचा त्रास होऊ शकतो, असं लेखी मान्य केल्याची बातमी आली आणि ‘अखेर कबुली दिली’ म्हणत ती घराघरांतल्या व्हॉट्सअॅप गटांत फिरली. तीन वर्षं जुनी, माहितीपत्रकात छापलेली गोष्ट लोकांना गौप्यस्फोट वाटली, कारण त्यांना ती कुणी सांगितलीच नव्हती. गुठळ्यांचा हा त्रास टोचल्यानंतरच्या काही आठवड्यांतला आहे. २०२१ मध्ये डोस घेतलेल्याने २०२४ मध्ये त्यापायी रक्ताच्या चाचण्या करून घेणं हा पैशाचा अपव्यय होता. तेही ठामपणे थोड्याच डॉक्टरांनी सांगितलं.

तरुणांच्या अचानक मृत्यूंचा प्रश्न वेगळा. त्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा (आयसीएमआर) अभ्यास आहे: १९ राज्यांतली ४७ रुग्णालयं, १८ ते ४५ वयाचे ७२९ मृत आणि तुलनेसाठी त्यांच्याच परिसरातले २,९१६ जिवंत. लस घेतल्याने धोका वाढलेला दिसला नाही. कोविडमुळे रुग्णालयात राहावं लागणं, घराण्यात असे मृत्यू असणं, आदल्या ४८ तासांतलं बेसुमार मद्यपान आणि जबर व्यायाम यांनी वाढलेला दिसला. याउलट कोवॅक्सिनबद्दल बनारस हिंदू विद्यापीठातून आलेला, फोनवर विचारून केलेला ९२६ जणांचा अभ्यास: लस न घेतलेल्यांचा गटच नाही. आयसीएमआरने त्यातून अंग काढून घेतलं आणि पुढे तो मागे घेतला गेला. कुणी अभ्यास पुढे केला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: तुलना कुणाशी केली?

अंतराचा घोळ आणि सक्ती

कोविशील्डच्या दोन डोसांत आधी २८ दिवस होते. २२ मार्च २०२१ ला चार ते आठ आठवडे झाले, १३ मे ला बारा ते सोळा. शास्त्राचा आधार होता; अंतर वाढवल्यावर प्रतिसाद सुधारतो हे परदेशी चाचण्यांत दिसलं होतं. पण मे महिन्यात लस मिळत नव्हती, आणि नेमकं तेव्हाच अंतर वाढलं. त्यातच लसीकरणाच्या राष्ट्रीय सल्लागार गटातल्या काही सदस्यांनी बारा ते सोळावर आपलं एकमत नव्हतं असं उघडपणे म्हटलं. मग जूनमध्ये परदेशी शिकायला जाणारे विद्यार्थी आणि टोकियोला जाणारे खेळाडू यांना २८ दिवसांनी डोस घेण्याची मुभा! ‘साठा कमी आहे, पहिला डोस जास्त लोकांना द्यायचाय, आणि अंतर वाढल्याने नुकसान नाही, फायदाच आहे’, ही तिन्ही वाक्यं एका दमात सांगता आली असती. लोकांना टंचाई समजते, रेशनच्या रांगेत ते वाढलेले आहेत.

सक्तीबद्दल माझं मत बऱ्याच सहकाऱ्यांना पटत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलला दोन डोसांची अट, नोव्हेंबरमध्ये औरंगाबाद जिल्ह्यात लस नाही तर पेट्रोल आणि रेशन नाही, ठाणे महापालिकेत लस नाही तर पगार नाही. डोसांचे आकडे वाढले, हे खरंच. पण रेशनसाठी घेतलेला डोस विश्वासातून आलेला नसतो आणि पुढच्या लशीच्या वेळी त्याचा हिशेब द्यावा लागतो. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने लसीकरणाचं धोरण वाजवी ठरवलं आणि त्याच निकालात कुणावर लस लादता येणार नाही असंही म्हटलं; शिवाय दुष्परिणामांची नोंद सामान्य माणसाला आणि खासगी डॉक्टरला थेट करता यावी, अशी सोय करायला केंद्राला सांगितलं. निकालाचा हा शेवटचा भाग सगळ्यात कमी वाचला गेला.

घरी जाऊन बोलणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. ‘घाबरू नका’ने सुरुवात करू नका, ‘तुम्हाला कशाची काळजी वाटते’ने करा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये पडू नका. मधुमेह, रक्त पातळ करायची गोळी, पूर्वीची अ‍ॅलर्जी, आजचा ताप, गरोदरपण हे विचारल्याशिवाय सल्ला देऊ नका. ताप, अंगदुखी एक-दोन दिवस येईल हे आधी सांगा. पॅरासिटामॉलची गोळी हातात द्या. तिसऱ्या दिवशी फोन करा. हा तिसऱ्या दिवसाचा फोन गल्लीतल्या पुढच्या चार घरांना तयार करतो.

आणि लस घेणाऱ्याने बघायचं ते: बाटलीचं सील आपल्यासमोर उघडलं का, लेबलवर नाव, बॅच क्रमांक आणि मुदत आहे का, एसएमएस लगेच आला का, प्रमाणपत्रावर केंद्र आणि तारीख बरोबर आहे का. मे २०२१ मध्ये कांदिवलीच्या एका सोसायटीत सुमारे ३९० जणांना प्रत्येकी १,२६० रुपये घेऊन बनावट शिबिरात टोचलं गेलं. संशय आला तो एसएमएस न आल्याने, प्रमाणपत्रं भलत्याच रुग्णालयांच्या नावाने आल्याने, आणि कुणालाच साधा तापही न आल्याने.

२७ जानेवारी २०२२ ला दोन्ही लशींची आपत्कालीन परवानगी संपली आणि प्रौढांसाठी अटींसह नियमित परवानगी मिळाली: चालू चाचण्यांची माहिती देत राहायची, दुष्परिणामांवर नजर ठेवायची. पहिल्या परवानगीच्या बातमीला जितकी जागा मिळाली त्याच्या दशांशही याला मिळाली नाही.

भरपाईचा प्रश्न त्यानंतरही लोंबकळत राहिला. ब्रिटनमध्ये १९७९ पासून लशीमुळे कायमचं गंभीर अपंगत्व आलेल्याला दोष सिद्ध न करता ठरावीक रक्कम मिळते. आपल्याकडे २०२१ मध्ये लशीनंतर दगावलेल्या दोन तरुणींच्या पालकांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने म्हटलं की सरकारला जबाबदार धरता येणार नाही, पालकांनी दिवाणी न्यायालयात दाद मागावी. ज्या कोवॅक्सिनच्या संमतीपत्राला लोक घाबरले, त्यात भरपाईची ओळ होती. पत्र मार्च २०२१ मध्येच गेलं, त्या ओळीसह. तोवर ज्यांनी सही केली त्यांनी तो कागद, डोसाची तारीख आणि बॅच क्रमांकासह, जपून ठेवावा. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी को-विनवरचं प्रमाणपत्र तरी उतरवून घ्यावं. त्रास झाल्यास औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. नोंद स्वतःही करता येते, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही.